हत्ती पास होईना

मी काकांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा दार काकूंनी उघडलं आणि म्हणाल्या, "बस गं. बाथरूममध्ये आहेत, दिवा बंद करून. वेळ लागेल."

असं काही ऐकल्यावर माणसाने बसावं की निघावं, या विचारात मी होते. तेवढ्यात आतून आवाज आला की बाहेरचा पडदा ओढा, दाराखालून उजेड येतोय. काकूंनी मुकाट्याने पडदा ओढला, आणि भर दुपारी आम्ही दोघी हॉलमध्ये अंधारात बसून राहिलो. पाच मिनिटांनी काका बाहेर आले. एका हातात सुती दोऱ्याने विणलेला करडा हत्ती, त्याच्या उघड्या मानेतून लोंबणारी बारीक वायर आणि दुसऱ्या हातात लाल कार्ड. कार्ड त्यांनी हत्तीच्या सोंडेला बांधलं, हत्ती फ्रिजवर ठेवला आणि मग माझ्याकडे बघून "आलीस का" म्हणाले.

"नववा," काकू मला म्हणाल्या. "नातवासाठी चाललेत. हत्ती पास होईपर्यंत नातू बारावी पास होईल."

नातू तेव्हा दीड वर्षांचा होता आणि नोएडाला राहत होता. काका दिल्लीच्या पलीकडे मानेसरला. मध्ये दोन तासांचं अंतर आणि नऊ नापास हत्ती.

काका म्हणजे माझे नात्याचे कोणी नव्हेत. आधी चिंचवडला आणि मग इथे मानेसरला, एका कारखान्यात त्यांनी पेट्रोलच्या टाक्या तपासण्यात सारी नोकरी काढली. टाकीत हवा भरायची, ती पाण्यात बुडवायची आणि बुडबुडा येतो का ते बघत बसायचं. बुडबुडा आला की लाल कार्ड, नाही आला की हिरवं. निवृत्तीनंतर बहुतेक लोक पुण्याला परत जातात. हे इथेच राहिले, मुलगा नोएडाला म्हणून. कारखान्यातून उरलेल्या कार्डांचे दोन गठ्ठे मात्र त्यांनी मागून आणले होते. लाल गठ्ठा संपत आला होता. हिरव्याचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं.

आमची ओळख झाली काला अंबच्या बसमध्ये. संक्रांतीला इकडच्या मराठी मंडळींची एक बस पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जाते. त्या दिवशी धुकं एवढं होतं की ड्रायव्हर अंदाजानेच चालवत असावा. मी वेळ घालवायला ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या बाळासाठी अस्वलाचं डोकं विणत होते. मागच्या सीटवरून एक चष्मा पुढे आला आणि म्हणाला, "वाढ छान आहे. घटीत माती खाल्लीय."

मी जरा तापट आहे. अनोळखी पुरुष मला विणकाम शिकवायला लागल्यावर मी मागे वळून विचारलं की तुम्हाला येतं का. त्यांनी स्वेटरच्या खिशातून लिंबाएवढा एक विणलेला गोळा काढून माझ्या हातात ठेवला. मी तो दाबला, फिरवला, ताणला. टाके कुठे कमी केलेत ते मला पानिपत येईपर्यंत सापडलं नाही.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही भरलेली खेळणी क्रोशाच्या सुईने गोल गोल विणतात. सहा टाक्यांनी सुरुवात, मग दर फेरीत सहा टाके वाढवत जायचं, मग थोड्या फेऱ्या तशाच, आणि मग गोळा मिटवत आणायला दर फेरीत सहा कमी करत परत सहावर यायचं. टाके कमी करणं म्हणजे घट. दोन टाक्यांचा एक करताना बाजूला फट पडते आणि त्या फटीतून आत भरलेला कापूस डोकावतो. माझ्या अस्वलाला गालापासून हनुवटीपर्यंत अशा फटी होत्या.

स्मारकापाशी काका हात जोडून सगळ्यांत जास्त वेळ उभे राहिले. नंतर सगळे जेवायला गेले तेव्हा ते गावात सुताच्या बाजारात गेले आणि पूर्ण बस अर्धा तास त्यांच्यासाठी खोळंबली. परत आले ते गोणीएवढी पिशवी घेऊन. सगळं सूत करडं. मंडळाचे सेक्रेटरी चिडले होते, त्यांना काका शांतपणे म्हणाले की पानिपतला येऊन सूत न घेणं हाही एक अपराधच आहे. मग मला म्हणाले, "अर्धा गोळा विणून रविवारी घरी ये. वाढ तुझी तू कर. मी फक्त घट शिकवतो."

ते खरंच फक्त घट शिकवत. समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी भाभी आख्खा टेडी शिकायला आल्या, तर त्यांना "पहले आधा बनाके लाइए" असं सांगून दारातूनच परत पाठवलं. वाढवायला मोबाइलवर हजार व्हिडिओ आहेत, असं त्यांचं म्हणणं. व्हिडिओत घटही असते की, असं मी म्हटलं, तर म्हणाले, असते, पण तिथे फट पडली की बाई कॅमेरा फिरवते. फक्त घटच का, हे मी त्यांना निदान दहा वेळा विचारलं असेल. दर वेळी उत्तर एकच, सगळे तिथेच चुकतात म्हणून. हे उत्तर खरं होतं, पण पुरं नव्हतं, हे मला कळत होतं. मी सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते. अर्धवट उत्तर ऐकलं की मला चैन पडत नाही.

माझ्या या नोकरीबद्दल त्यांना फार कुतूहल होतं. हाताला लागत नाही अशी वस्तू तुम्ही तपासता तरी कशी, आणि नापास झाली तर लाल कार्ड बांधता कुठे, असं त्यांनी पहिल्याच रविवारी विचारलं. आम्ही कंप्युटरवर तक्रार नोंदवतो, असं मी म्हटल्यावर मात्र त्यांना बरं वाटलं.

तक्रार या विषयावर त्यांचं एक ठरलेलं भाषण होतं. तक्रार करणारं गिऱ्हाईक चांगलं, कारण ते पुन्हा आपल्याकडेच येणार असतं. पण काही न बोलता जो माल परत पाठवतो, तो कायमचा गेला. हे ते सांगायला लागले की काकू उठून स्वयंपाकघरात जात. मला वाटायचं, ऐकून ऐकून कंटाळल्या असतील.

विणकामाला ते लागले ते मनगट मोडलं तेव्हा. डॉक्टरांनी बोटं आखडू नयेत म्हणून दिवसभर दाबायला मऊ बॉल दिला. यांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले की यात काहीच प्रॉडक्शन नाही. त्यापेक्षा बॉल बनवतो. मग सोसायटीतल्या एका आजींकडून सुई धरायला शिकले आणि बॉलवरून सशावर, सशावरून हत्तीवर गेले. काकूंना सुईत दोरा ओवायचाही कंटाळा. घरात एक तरी माणूस शहाणं हवं, असं त्या म्हणत.

शिकवायला काका कडक होते. टाक्याच्या डोक्यावर वेणीसारखे दोन धागे असतात, एक आपल्याकडचा आणि एक पलीकडचा. मी घट करताना दोन्ही धाग्यांखालून सुई घालायचे, त्यामुळे ती जागा जाड व्हायची आणि शेजारी फट पडायची. त्यांनी शिकवलं ते असं: फक्त आपल्याकडचा धागा उचलायचा, सुई न काढता पुढच्या टाक्याचाही आपल्याकडचाच धागा उचलायचा, सूत घेऊन त्या दोघांतून ओढायचं, पुन्हा सूत घ्यायचं आणि सुईवर उरलेल्या दोन फासांतून काढायचं. पलीकडचे धागे आतल्या बाजूला दबून राहतात आणि बाहेरून काही झाल्याचं दिसत नाही. सांगायला अर्धं मिनिट लागतं. माझ्या हातात बसायला तीन महिने लागले. त्यातही घटी लागोपाठच्या फेऱ्यांत बरोबर एकीखाली एक आल्या की गोळ्याला कोपरे पडतात, म्हणून त्या दर फेरीला थोड्या सरकवायच्या. माझे कोपरे पडलेले गोळे ते टेबलावर ठेवून नट-बोल्टमधला नट म्हणून दाखवत.

मग बाथरूम. शेवटचे बारा टाके उरले की थांबायचं. दिवाळीच्या माळेतला एक छोटा बल्ब वायरसकट तापणार नाही असा बघून त्यांनी वेगळा काढला होता, तो आत सोडायचा आणि अंधारात खेळणं फिरवायचं. सगळीकडून चाळणीसारखा बारीक, सारखा उजेड आला तर ठीक. एक जरी ठिपका मोठा दिसला तरी लाल कार्ड. पास झालं तरच कापूस भरून उरलेले टाके मिटवायचे. मी दहा महिन्यांत चाळीसेक गोळे त्या बाथरूममध्ये नेले असतील. सुरुवातीला माझा गोळा आत पेटला की तारांगण दिसायचं.

त्यांचे हत्ती मात्र मला निर्दोष वाटायचे. दहावा, अकरावा, बारावा. प्रत्येक वेळी काका अंधारातून लाल कार्ड घेऊन बाहेर यायचे, एक दिवस हत्ती फ्रिजवर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी उसवून टाकायचे. नातू धावायला लागला. नातू बोलायला लागला. मुलगा लावायचा त्या व्हिडिओ कॉलवर, ज्यात सून कधी नसायची, नातवाला फ्रिजवरचा हत्ती दिसला की तो "हाथी" म्हणून हात पुढे करायचा आणि काका फोन काकूंच्या हातात देऊन उठून जायचे. हे बघितल्यावर माझा राग अनावर झाला. मी सरळ विचारलं की तुम्ही हे त्या पोराशी का करताय.

नोव्हेंबर होता, बाहेर धूर, खिडक्या बंद. काकांनी हातातली सुई खाली ठेवली. मग एखाद्या रिपोर्टसारखं त्यांनी सांगितलं.

"वस्तू, ससा. गिऱ्हाईक, माझी नात, वय दोन. डिफेक्ट, मानेजवळच्या घटीत फट. तिनं बोट घातलं, कापूस ओढला, तोंडात घातला. घशात अडकला. निळी पडली होती. शेजारणीनं पालथी धरून पाठीत थापट्या मारल्या म्हणून निघाला."

ती नात, नातवाची मोठी बहीण, आता सात वर्षांची आहे, धडधाकट आहे आणि तिला यातलं काहीही आठवत नाही. सून एक शब्द बोलली नाही. पंधरा दिवसांनी मुलाबरोबर एक पिशवी आली. काकांनी दिलेली सगळी खेळणी, स्वच्छ धुऊन. वर चिठ्ठी, "बाबा, सध्या विकतचीच बरी." त्याला पाच वर्षं झाली होती. त्या विषयावर घरात पुन्हा कोणी काही बोललं नव्हतं. काकू भाषणाच्या वेळी उठून का जायच्या ते मला तेव्हा कळलं, आणि मी त्यांना कंटाळलेल्या समजत होते याची लाज वाटली.

"ससा तपासला कोणी होता?" मी विचारलं.

"मीच. तीच तर चूक. कारखान्यात जो बनवतो त्यानं तपासायचं नसतं. आपली फट आपल्याला दिसत नाही. आता मला उलटं झालंय, नसलेल्या पण दिसतात." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणून घट शिकवतो. बनवणारे खूप आहेत. मला तपासणारा माणूस पाहिजे."

म्हणजे दहा महिने मला वाटत होतं मी विणायला शिकतेय, आणि हे गृहस्थ मला नोकरीवर घेत होते. माझ्याआधी पाच जणी येऊन, कंटाळून निघून गेल्या होत्या. मला हसू आलं.

तेरावा हत्ती मी तपासला. बाथरूममध्ये मी एकटी, बादलीवर बसून. हत्ती आतून उजळला तेव्हा तो इतका सुंदर दिसला की मी क्षणभर तपासायचं विसरले. मग हळूहळू फिरवला. पोट, पाय, सोंड. उजव्या कानामागे एक ठिपका होता. फार मोठा नाही. तांदळाच्या कणीएवढा. कापूस भरल्यावर कोणाच्या बापाला दिसला नसता. बाहेर काकू विचारत होत्या की झालं का, मला आंघोळ करायचीय. मला त्या पोराचा पुढे आलेला हात आठवला आणि पास म्हणावंसं फार वाटलं. एका शब्दात सगळं मिटलं असतं.

मी बाहेर येऊन म्हटलं, "काका, उजव्या कानामागे."

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. मान हलवली आणि म्हणाले, "शाब्बास. मला तो दिसला नव्हता." दहा महिन्यांतलं पहिलं शाब्बास मला त्यांचा हत्ती नापास करून मिळालं.

चौदावा त्यांनी तीन आठवडे घेऊन विणला. मी तो दोनदा तपासला, दुसऱ्या दिवशी येऊन तिसऱ्यांदा तपासला. काही नव्हतं. मी हिरवं कार्ड मागितलं. काकांनी गठ्ठा हातात घेतला, तसाच परत ठेवला आणि म्हणायला लागले की तू माझीच शिष्या, तुझी नजर माझ्यासारखीच चुकणार, अजून एकदा विणून बघतो.

मग मात्र मी चिडले. "काका, हा हत्ती चांगला आहे. तुम्ही घाबरलाय."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काका रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "हो. घाबरलोय."

मी त्यांना त्यांच्याच कारखान्यातली गोष्ट विचारली. माल पाठवण्याआधी कधी गिऱ्हाईक स्वतः येऊन तपासायचं का? यायचं, ते म्हणाले, मोठ्या ऑर्डरला तर यायचंच. मग इथेही तसंच करू, मी म्हटलं. तुम्ही नाही, मी नाही. जिनं माल परत पाठवला ती तपासेल. काकांनी यात चूक काढायचा खूप प्रयत्न केला. पण नियम त्यांचाच होता.

पुढच्या शनिवारी शेअर ऑटो आणि मग मेट्रो करत मी नोएडाला गेले. पर्समध्ये उघड्या मानेचा हत्ती, वायरचा बल्ब, सुई आणि कापसाची पिशवी. सून नाशिकची. दार उघडल्यावर ती हत्तीकडे बघतच राहिली.

"बाबा अजून विणतात?" तिने विचारलं.

मी म्हटलं की पाच वर्षं तेच करतायत, तपासायला तुम्ही हव्यात. बल्ब कसा सोडायचा, काय बघायचं ते सांगितलं. ती हत्ती घेऊन स्टोअररूममध्ये गेली आणि तिच्या मागे सात वर्षांची नात. दार लागलं. मी बाहेर नातवाबरोबर बसले. तो दारावर थापा मारत होता. वीस मिनिटं ते उघडलं नाही. मी ऑफिसच्या कुठल्याही रिलीजला एवढी घाबरले नव्हते.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "ती पिशवी मी रागानं नव्हती पाठवली," ती म्हणाली. "ती खेळणी मला घरात ठेववत नव्हती, आणि टाकवतही नव्हती. म्हणून धुऊन पाठवली. मला वाटलं बाबा माझ्यावर रागावले, म्हणून त्यांनी सोडलं सगळं."

ठिपका सापडला का, ते तिने सांगितलं नाही. नातीने कापूस भरला. शेवटची घट सुनेने केली, मी नुसतं सांगत होते, आपल्याकडचा धागा, पुन्हा आपल्याकडचा. तिला यायला वेळ लागला. उरलेल्या सहा टाक्यांतून दोरा ओवून तिने ओढला आणि भोक मिटलं. मग ती म्हणाली, "ठेवून जा. मी बघते." हत्ती तिने कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. नातू खाली उभा राहून रडायला लागला.

मी काकांना जे झालं ते सगळं सांगितलं, फळीसकट. ते ऐकून "बरं" म्हणाले. त्यानंतर त्यांनी सुई हातात घेतली नाही. डिसेंबर गेला, संक्रांत गेली, या वर्षी ते काला अंबला आले पण सुताच्या बाजारात गेले नाहीत आणि बस वेळेवर सुटली. मी रविवारी जायचे, आम्ही चहा प्यायचो आणि फ्रिजकडे बघायचं टाळायचो. मला वाटायला लागलं की मी उगाच नाक खुपसलं.

होळीच्या आधीच्या रविवारी मी तिथेच होते. काकांचा मुलगा आला आणि त्याने टेबलावर पिशवी ठेवली. तशीच, गाठ मारलेली. काकांनी ती ओळखली. ते उठून खिडकीशी गेले आणि बाहेर बघत म्हणाले, "राहू दे. उघडू नको."

काकूंनी त्यांचं कधी ऐकलंय? त्यांनी गाठ सोडली. आत हत्ती होता. करडा राहिला नव्हता, काळपट झाला होता. एक कान आमटीने पिवळा पडलेला. सोंड चावून चावून लोंबायला लागली होती आणि तिला अजून ओल होती. मी सवयीने त्याला उलटापालटा करून बघितलं. कुठेही फट नव्हती. सोंडेला एक कागद पिनऐवजी दोऱ्याने बांधला होता, अगदी कार्ड बांधतात तसा. काकूंनी तो मोठ्याने वाचला.

"बाबा, सोंड सैल झालीय. हत्तीशिवाय हा झोपत नाही, काल रात्रभर जागवलं. आजच्या आज दुरुस्त करून पाठवा. आणि एक अजून विणून ठेवा, हत्ती धुवायला टाकला की घरात राहवत नाही."

काका खिडकीपाशीच उभे होते. "पुन्हा वाच," ते म्हणाले. काकूंनी वाचला. "खाली सही आहे का?" आहे, काकू म्हणाल्या. मग त्यांनी येऊन कागद स्वतः घेतला, चष्मा वर करून अक्षर न अक्षर पाहिलं आणि मुलाला म्हणाले, "अरे, ही तर लेखी तक्रार आहे."

सोंड त्यांनी वीस मिनिटांत केली. मुलगा म्हणत होता की मी नेतो, तुम्ही कशाला दोन तास. काका ऐकायलाच तयार नव्हते. तक्रारीचा माल इन्स्पेक्टरने स्वतः पोचवायचा असतो, असं म्हणत ते चपला घालत होते. हा नियम मी तोपर्यंत त्यांच्या तोंडून कधी ऐकलेला नव्हता.

ते गेल्यावर काकूंनी तो कागद उचलला आणि फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाने लावला, लाल कार्डवाले हत्ती बसायचे त्याच्याच खाली. मग बाथरूमचा दिवा लावला आणि सावकाश आंघोळीला गेल्या.